ऑनर्स: शब्द आणि अर्थ

लखनौला विमानाने येणारा प्रवासी अमौसीला उतरतो. शहराच्या दक्षिणेचे हे जुने गाव. विमानतळाला आज चौधरी चरणसिंह यांचे नाव दिलेले असले, तरी लखनौकरांच्या तोंडी अजून 'अमौसी' हेच नाव आहे. २०१९ सालच्या मार्चपासून येथून मेट्रो गाडी थेट शहर ओलांडून पलीकडे जाते. आलमबाग, चारबाग, हजरतगंज ही स्थानके मागे टाकून ती गोमती पार करते, विश्वविद्यालयाचे स्थानक येऊन जाते, आणि त्यापुढच्याच स्थानकावर पाटी दिसते: 'आय. टी. कॉलेज'. नवख्या प्रवाशाची येथे हटकून फसगत होते. हल्लीच्या दिवसांत ही दोन अक्षरे वाचली की माहिती-तंत्रज्ञान शिकविणारी एखादी नवी संस्था डोळ्यांसमोर येते. वस्तुतः ही अक्षरे दीडशे वर्षांपूर्वी लखनौस आलेल्या एका अमेरिकन शिक्षिकेच्या नावाची आहेत. तिचे नाव इझाबेला थोबर्न.

अक्षरे तीच, पण अर्थ निराळा, असा प्रकार शिक्षणाच्या क्षेत्रात वरचेवर घडतो. 'ऑनर्स' या शब्दाचेही तसेच झाले आहे. चार वर्षांची ऑनर्स पदवी, बहुशाखीय शिक्षण, हे शब्द आज घरोघरी ऐकू येतात. उत्तर प्रदेशातील विद्यापीठांनी २०२१-२२ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे अभ्यासक्रम सुरू केले. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून आले. मुलामुलींचे अर्ज भरताना आईवडील विचारतात, 'या चौथ्या वर्षात नेमके अधिक काय मिळणार?' या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर ऑनर्स ही कल्पना कोठून आली, आणि ख्रिस्ती महाविद्यालयांनी ती कशी हाताळली, हे थोडे पाहिले पाहिजे.

आरंभ लखनौपासूनच करू. इझाबेला थोबर्न १८७० च्या जानेवारीत मुंबईच्या बंदरात उतरल्या आणि तेथून उत्तरेकडे गेल्या. त्याच वर्षीच्या १८ एप्रिलला लखनौच्या अमीनाबाद बाजारातील एका खोलीत त्यांनी शाळा उघडली. पहिल्या दिवशी मुली आल्या सहा. पुढे लालबागेत वसतिगृहासह शाळा स्थिरावली. १८८६ च्या सुमारास महाविद्यालयाचे वर्ग निघाले. १९०१ साली कॉलऱ्याने बाईंचा अंत झाला आणि संस्थेला त्यांचे नाव मिळाले. लखनौ विद्यापीठ स्थापन झाल्यावर महाविद्यालय त्याच्याशी जोडले गेले, आणि १९२३ साली ते गोमतीपलीकडे चांदबागेत, आजच्या जागी, आले. याच संस्थेत शिकलेल्या लीलावती सिंग पुढे येथेच इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापिका झाल्या. १९३९ साली कॉन्स्टन्स प्रेमनाथ दास या पहिल्या भारतीय प्राचार्य झाल्या. त्यांच्यानंतर १९४५ मध्ये आलेल्या सारा चाको पुढे जागतिक चर्च परिषदेच्या अध्यक्षमंडळात निवडल्या गेलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या.

येथून बाहेर पडलेल्या विद्यार्थिनींची नावे पाहावीत. रशीद जहाँ यांनी येथे विज्ञान शिकून पुढे दिल्लीस वैद्यकीची पदवी घेतली, आणि १९३२ च्या 'अंगारे' या गाजलेल्या उर्दू संग्रहात कथा आणि नाटिका लिहिली. अतिया हुसेन, इस्मत चुगताई, कुर्रतुलऐन हैदर या तिघीही याच महाविद्यालयाच्या. यांपैकी कोणीही 'आंतरशाखीय' हा शब्द ऐकला असण्याचा संभव कमी. परंतु रशीद जहाँ यांच्या लेखनातील स्त्रीच्या देहाच्या व्यथा वैद्यकी जाणणाऱ्या मनाने टिपलेल्या आहेत. मनात दोन विद्या एकमेकींशी बोलू लागल्या की काय होते, याचे ते उदाहरण होय.

आता 'ऑनर्स' या शब्दाकडे वळू. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत हा शब्द आला तो ऑक्सफर्ड, केंब्रिजकडून. सामान्य पदवी घेणारा अनेक विषय थोडेथोडे शिकतो. ऑनर्स घेणारा एकाच विषयात खोल जातो, अशी त्याची ढोबळ समजूत झाली. पण खुद्द ऑक्सफर्डमध्ये ऑनर्सची जी शाखा परंपरेने सर्वांत मानाची, तीत ग्रीक व लॅटिन भाषा, प्राचीन इतिहास आणि तत्त्वज्ञान यांचा एकत्र अभ्यास होता. तिच्या नमुन्यावर १९२० साली तेथे तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र यांची एक नवी संयुक्त शाखा निघाली. म्हणजे ऑनर्सचा अर्थ मुळात केवळ एका विषयाची कोंडी असा नव्हता. मोठा प्रश्न घ्यावा, तो ज्या ज्या विद्यांच्या हद्दीत शिरतो तेथवर त्याचा पाठलाग करावा, आणि शेवटी परक्या परीक्षकासमोर उभे राहावे, हा त्यातील आशय होता.

अमेरिकेत हा आशय एका लहान महाविद्यालयाने उचलला. पेनसिल्व्हेनियातील स्वॉर्थमोर हे महाविद्यालय क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १८६४ साली स्थापिले. तेथील अध्यक्ष फ्रँक एडेलॉट हे स्वतः ऑक्सफर्डमध्ये शिकलेले. १९२२ साली त्यांनी अखेरच्या दोन वर्षांसाठी ऑनर्सची योजना सुरू केली. तिची रीत अशी: मोजके विद्यार्थी आठवड्यातून एकदा अध्यापकाभोवती बसतात; त्यांनी लिहून आणलेले निबंध वाचले जातात, त्यांवर वाद होतो; संबंधित विषयांचे असे काही वर्ग मिळून एक अभ्यास बनतो. शेवटी लेखी व तोंडी परीक्षा घेतात ते बाहेरून बोलाविलेले परीक्षक. शिकविणारा आणि जोखणारा वेगळा झाला की अध्यापक हा विद्यार्थ्याचा न्यायाधीश राहत नाही, सहकारी होतो. ही लहानशी तरतूद मला त्या योजनेचे मर्म वाटते.

ख्रिस्ती महाविद्यालयांत अशा योजनांचे दुसरेही एक रूप आहे. कॅलिफोर्नियातील बायोला विद्यापीठात १९९५ साली थोर ग्रंथांच्या वाचनावर आधारलेला एक ऑनर्स अभ्यासक्रम सुरू झाला. तेथे वेगवेगळ्या विषयांच्या व्याख्यानांऐवजी होमर, प्लेटो यांच्यापासून पुढचे ग्रंथ आणि बायबल यांचे वाचन व चर्चा चालते. साऱ्या ज्ञानाचे मूळ एक आहे, या श्रद्धेवर त्यातील विद्यांची सांधणी उभी आहे. ही भूमिका प्रामाणिक आहे. पण भारतात ती जशीच्या तशी आणता येणार नाही, हे उघड आहे. आपल्या संविधानाच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला. त्याचबरोबर अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने असेही ठरविले की, सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणाही विद्यार्थ्यावर त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धर्मशिक्षणाची सक्ती होता कामा नये. येथील ख्रिस्ती महाविद्यालयात हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती मुले एकत्र बसतात. त्यांची विद्या सांधणारा धागा एका धर्मग्रंथाचा असू शकत नाही. मग तो कोणता?

हा प्रश्न नवा नाही. १९३०-३१ च्या हिवाळ्यात भारतातील ख्रिस्ती महाविद्यालयांची पाहणी करण्यासाठी एक आयोग आला. त्याचे अध्यक्ष ए. डी. लिंडसे हे ऑक्सफर्डच्या बॅलिओल महाविद्यालयाचे प्रमुख. आयोगाचे चिटणीस निकल मॅक्निकल हे मराठी वाचकांना परके नाहीत. पुण्यास राहून त्यांनी मराठी संतांच्या अभंगांची इंग्रजी भाषांतरे केली आणि पंडिता रमाबाईंचे चरित्र लिहिले. आयोगाला जे आढळले ते सुखद नव्हते. ही महाविद्यालये विद्यापीठाच्या परीक्षांना इतकी जखडली गेली होती की, त्यांचे म्हणून काही वेगळे शिक्षण उरले नव्हते. शिकणारे बहुसंख्य अन्य धर्मांचे, शिकविणारेही पुष्कळ तसेच. तेव्हा 'ख्रिस्ती' या विशेषणाचा अर्थ काय, हाही प्रश्न होता. आयोगाने सुचविलेला उपाय लक्षात घेण्यासारखा आहे. प्रत्येक महाविद्यालयाने संशोधन आणि विस्तारकार्य यांचा विभाग काढावा, भोवतालच्या गावांचे व शहराचे प्रश्न अभ्यासाला घ्यावेत, आणि त्या ज्ञानाचा उपयोग त्याच लोकांना करून द्यावा, असे त्याने म्हटले. म्हणजे विद्यांना जोडणारा धागा ग्रंथात शोधण्याऐवजी कुंपणाबाहेरच्या जीवनात शोधावा, असे त्याचे सांगणे होते.

लिंडसे यांनी पुढे आपल्या देशात काय केले, तेही येथे सांगण्याजोगे आहे. आयुष्याच्या अखेरीस, १९४९ साली, स्टॅफर्डशायर परगण्यात एका नव्या विद्यापीठीय महाविद्यालयाचे ते पहिले प्रमुख झाले. आजचे कील विद्यापीठ ते हेच. तेथे पदवी चार वर्षांची ठेवली आणि पहिले वर्ष पायाभरणीचे केले. साहित्याचा विद्यार्थी असो वा रसायनाचा, सर्वांनी ते वर्ष एकत्र शिकायचे. पुढेही विज्ञान घेणाऱ्याने मानव्यविद्यांतील आणि मानव्यविद्या घेणाऱ्याने विज्ञानातील काही तरी शिकायचे.

आपल्या नव्या योजनेतही पदवी चार वर्षांचीच आहे. पण कील येथे जादा वर्ष आरंभी होते. आपल्याकडे ते अखेरीस आहे. हा फरक वरवरचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० श्रेयांक लागतात. श्रेयांक म्हणजे क्रेडिट. व्याख्यानाच्या हिशेबाने एक श्रेयांक सुमारे १५ तासांचा. या १६० पैकी ८० मुख्य विषयाचे, ३२ दुय्यम विषयाचे, आणि 'बहुशाखीय' म्हणून राखून ठेवलेले केवळ ९. म्हणजे तीन लहान अभ्यासक्रम, सुमारे १३५ तास. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते. त्यात प्रबंधाला १२ श्रेयांक आहेत.

आकडे कंटाळवाणे असतात, पण येथे ते बोलके आहेत. 'बहुशाखीय' आणि 'आंतरशाखीय' या दोन शब्दांतील अंतर ते दाखवितात. एका मुलीने इतिहास, थोडे रसायन आणि थोडे संगणकशास्त्र घेतले, तिन्ही परीक्षा दिल्या आणि तीन गुणपत्रिका घरी नेल्या, तर ते बहुशाखीय शिक्षण झाले. इतिहासातला एखादा प्रश्न सोडविताना तिला रसायनाचा दरवाजा ठोठवावा लागला, आणि तेथून मिळालेल्या उत्तराने इतिहासाचा प्रश्नच बदलला, तर ते आंतरशाखीय झाले. पहिल्यात विषयांची बेरीज आहे, दुसऱ्यात त्यांची गुंफण. बेरजेचा नियम करता येतो. गुंफणीचा करता येत नाही. तिच्यासाठी प्रश्न लागतो आणि माणसे लागतात.

असा प्रश्न लखनौमध्ये शोधायला दूर जावे लागत नाही. तेथल्या चिकनकामाचेच उदाहरण घेऊ. समजा, ऑनर्सच्या सहा विद्यार्थिनींनी एक चिकनचा कुर्ता टेबलावर ठेवला आणि वर्षभर त्याचाच अभ्यास करायचे ठरविले. आधी कापड बेतले जाते. मग छिपी लाकडी ठशांनी त्यावर निळसर रंगात नक्षी उमटवितो. त्या रेषांवर घरी बसलेल्या बायका टेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाली असे टाके घालतात. शेवटी धोबी ते धुतो, ठशाचा रंग निघून जातो आणि टाके तेवढे राहतात. आता प्रश्न पाहा. ठशाचा रंग धुण्याने जावा आणि कापड मात्र खराब होऊ नये, हे कशामुळे घडते? ते पाणी नदीला मिळाल्यावर गोमतीचे काय होते? या दोन प्रश्नांचा अधिकार रसायनाचा. ही कला नूरजहानने आणली ही आख्यायिका कितपत खरी, आणि नवाबी गेल्यावर कारागिरांनी कोणासाठी काम केले, हे इतिहासाने सांगायचे. नगावर मजुरी घेणाऱ्या बाईच्या हाती विक्रीच्या किमतीतील किती भाग पडतो, आणि मधले दलाल का टिकून राहतात, हा अर्थशास्त्राचा भाग. २००८ साली लखनवी चिकनला भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. तिचा लाभ त्या बाईपर्यंत पोचतो काय, हे कायद्याने पाहायचे. बारीक टाक्यांनी डोळ्यांवर पडणारा ताण वैद्यकाचा विषय. आणि ही स्त्री स्वतःविषयी काय बोलते, कोणत्या भाषेत बोलते, हे साहित्याने ऐकायचे.

यांतील प्रत्येक प्रश्न स्वतंत्रपणे जुनाच आहे. नवी गोष्ट घडते ती ही उत्तरे एका टेबलावर आल्यावर. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला वाटते की मजुरी वाढविण्यासाठी काम जलद झाले पाहिजे. वैद्यकाची बाजू घेणारी म्हणते की जलद काम म्हणजे डोळे लवकर जाणे. साहित्याची विद्यार्थिनी सांगते की ती बाई ज्या टाक्याचा अभिमान बाळगते तो सर्वांत सावकाश घालावा लागतो. आता उत्तर सोपे राहिले नाही. पण प्रश्न खरा झाला. मला वाटते, ऑनर्स या शब्दाचा अर्थ येथे सुरू होतो. आणि त्यांच्या अभ्यासातले जे काही उपयोगाचे असेल ते त्या कारागीर स्त्रियांपर्यंत परत गेले, तर लिंडसे आयोगाने मागितलेले विस्तारकार्यही झाले. विशेष म्हणजे यासाठी कोणाच्याही श्रद्धेला हात लावावा लागत नाही. सेवा हा त्या संस्थेच्या मूळच्या ख्रिस्ती प्रेरणेचा गाभा. तो सर्वांना समान भूमी म्हणून चालतो.

अर्थात, यासाठी लागणारा अध्यापक सहज मिळत नाही. स्वतः एका चौकटीत शिकलेला मनुष्य दुसऱ्या चौकटीत जायला कचरतो. परंतु अशी माणसे आपल्याकडे होऊन गेली आहेत. नागपूरचेच उदाहरण आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली तेथे आले, त्यांनी शाळा काढली, आणि शिकविता शिकविता नागपूर परिसरातील खडक व जीवाश्म यांचा अभ्यास केला. एका खनिजाला त्यांचे नाव आहे. तेच गोंडांमध्ये हिंडून त्यांची भाषा, गीते व चालीरीती टिपून घेत होते. ती टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. भूगर्भ, भाषा आणि पुरातत्त्व ही त्यांच्या लेखी तीन खाती नव्हती; ज्या मुलखात आपण राहतो तो समजून घेण्याच्या त्या तीन वाटा होत्या. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ सालापासून त्यांचे नाव चालवीत आहे.

अशा अध्यापकाला वेळ हवा, लहान वर्ग हवा, आणि दुसऱ्या विषयाच्या सहकाऱ्यापुढे आपले अज्ञान मान्य करण्याची मोकळीक हवी. वेळापत्रकात या तिन्ही गोष्टींना रकाना नसतो. शंभर मुलांच्या वर्गात बहुशाखीय विषयाची टिपणे उतरवून घेतली जातील आणि परीक्षा उत्तम रीतीने पार पडेल. पण त्याने १९३१ साली आयोगाला दिसलेलीच परीक्षेची जखड नव्या नावाने परत येईल. म्हणून महाविद्यालयांनी आरंभ लहान करावा. एक प्रश्न, दोन भिन्न विषयांचे अध्यापक, पंधराएक विद्यार्थी, आणि शेवटी बाहेरचा परीक्षक, इतके कोणत्याही संस्थेला जमण्यासारखे आहे. आणि शक्य असेल तर हा आरंभ चौथ्या वर्षाची वाट न पाहता पहिल्याच वर्षी व्हावा.

याचे कारण केवळ शैक्षणिक नाही. नव्या योजनेत एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते. ही सोय चांगलीच आहे. परंतु बाहेर कोण पडेल, याचा विचार केला पाहिजे. ज्या घरी पैशाची ओढ आहे, किंवा मुलीच्या लग्नाची घाई आहे, तेथली मुलगी तिसऱ्या वर्षाच्या शेवटी थांबेल. चौथे वर्ष लाभेल ते ज्यांना थांबावे लागत नाही त्यांना. विद्यांची गुंफण जर चौथ्याच वर्षी होणार असेल, तर ती गरजू मुलीच्या वाट्याला कधी येणारच नाही. तिच्या पदरी विषयांची बेरीज तेवढी पडेल. अमीनाबादच्या खोलीत आलेल्या त्या सहा मुलींना पुढे किती वर्षे शिकता येईल हे त्या दिवशी कोणी सांगू शकले नसते. म्हणून जे उत्तम ते आधी द्यावे, शेवटासाठी राखून ठेवू नये.

आईवडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. चौथ्या वर्षात नेमके काय मिळणार, असे विचारण्याआधी महाविद्यालयात एवढेच विचारावे: दोन विषयांचे अध्यापक येथे एका वर्गात एकत्र बसतात काय? आमच्या मुलीने लिहिलेला निबंध कोणी तिच्यासमोर वाचून त्यावर तिच्याशी वाद घालील काय? उत्तर होकारार्थी आले, तर पदवी तीन वर्षांची असो वा चार, तिला ऑनर्सचा अर्थ कळला असे समजावे. नकारार्थी आले, तर प्रमाणपत्रावर ती अक्षरे तेवढी असतील. आणि अक्षरे पाहून अर्थ ठरवू नये, हे अमौसीहून निघालेला प्रवासी त्या एका स्थानकाच्या पाटीवरूनही शिकू शकतो.